ख्रिस्ती वाचकांसाठी निर्मळ कथा-कादंबऱ्या कशा निवडाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांत, मंडळ्यांत आणि कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) पुस्तकांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची ही उत्तरं. काही प्रश्नांना दोन वाक्यं पुरतात, काहींना पानभर लागतं.

कल्पित कथा म्हणजे खोटंच की! विश्वासणाऱ्यानं ती का वाचावी?

दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला नाथान संदेष्टा गेला, तेव्हा त्यानं आरोपपत्र वाचलं नाही. त्यानं एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२). दावीद त्या श्रीमंतावर संतापला, आणि मग नाथान म्हणाला की तो मनुष्य तूच आहेस. सरळ आरोप केला असता तर राजाकडे बचाव तयार होता. गोष्टीपुढे तो उघडा पडला. शास्ते ९ मध्ये योथाम तर झाडांना बोलायला लावतो. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राजपद नाकारतात, काटेरी झुडूप मात्र पुढे सरसावतं. चांगला शमरोनी आणि उधळ्या पुत्र या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या माणसांची नावंगावं शोधायला कोणी जात नाही.

खोटं बोलणारा समोरच्याला फसवतो. कथेत सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असतं की ही कथा आहे. म्हणून खरी हरकत कथेवर नसून वेळेवर असते. कादंबरीपायी घरची प्रार्थना सुटत असेल तर ते गंभीरच आहे. क्रिकेटपायी सुटत असेल तरी ते तितकंच गंभीर आहे.

'निर्मळ' पुस्तक नेमकं कशाला म्हणायचं? शिव्या आणि अश्लील प्रसंग नसले की झालं?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पापाचा उल्लेखही नको, अशी कसोटी लावली तर शास्ते १९ मधला अत्याचार आणि दावीद-बथशेबाचा प्रसंग पवित्र शास्त्रातूनच काढावा लागेल. फिलिप्पैकरांस पत्र ४:८ मधल्या यादीत 'शुद्ध' आहे, पण यादी सुरू होते 'सत्य' या शब्दानं. माणसं जशी आहेत तशी न दाखवणारी गोष्ट शुद्ध वाटली तरी त्या यादीत पहिल्याच पायरीवर अडते.

त्यामुळे पाप आहे की नाही यापेक्षा लेखक त्याचं काय करतो ते बघा. वाईट कृत्याची किंमत कथेत कोणीतरी मोजतं का, की ते पुढच्या प्रकरणात विरून जातं? मारहाणीचं किंवा शय्येचं वर्णन कथानकाला लागतं तेवढ्यावर थांबतं, की वाचकाला तिथेच रेंगाळत ठेवतं? खलपात्राच्या जागी आपण स्वतः असू शकलो असतो, असं एकदा तरी वाटतं का? आणि क्षमा येते तेव्हा ती देणाऱ्याला काही सोसावं लागतं, की सगळे रडून गळ्यात पडतात आणि विषय मिटतो?

एकही शिवी नसलेली, पण सासूची फजिती बघून वाचकाला दोनशे पानं खूश ठेवणारी कादंबरी आमच्या मते निर्मळ नाही. उलट, दारुड्या बापाची भाषा जशीच्या तशी देणारी, पण त्याच्या मुलाचं दुःख खरं मांडणारी कादंबरी प्रौढ वाचकानं बिनधास्त वाचावी.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक कसं तपासायचं?

पंधरा मिनिटं पुरतात, पण मलपृष्ठावरचा मजकूर आधी वाचू नका. तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो.

सुरुवात मुद्रण-तपशिलाच्या पानापासून करा. प्रकाशक कोण, आवृत्ती कोणत्या वर्षाची, अनुवाद असेल तर मूळ भाषा आणि अनुवादकाचं नाव आहे का. अनुवादित पुस्तकावर अनुवादकाचं नाव नसेल तर सावध व्हा. मग पहिली दहा पानं वाचा. त्यानंतर मधलं कुठलंही संवादाचं पान काढून हळू आवाजात मोठ्यानं वाचा. आपल्याकडची माणसं तसं बोलत नसतील तर ते पुस्तक घरी कोणी पूर्ण करणार नाही, मग संदेश कितीही चांगला असो.

शेवटची तपासणी महत्त्वाची, आणि बहुतेक लोक तीच टाळतात. पुस्तकाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग संपतो तिथली पाच-सात पानं वाचा. २४० पानांच्या कादंबरीत हे १८० च्या आसपास येतं. पेच तिथे शिगेला पोचलेला असतो, आणि सुरुवातीला सांभाळून लिहिणारे लेखक तिथे सैल सुटतात. हिंसा, वासना किंवा सूड किती आणि कसा आहे ते तिथे दिसतं. किंडलवर नमुना म्हणून मिळणारा भाग फक्त सुरुवातीचा असतो, त्यामुळे तेवढ्यावर मुलांसाठी पुस्तक निवडू नका.

ऑनलाइन अभिप्राय वाचायचे तर पाच ताऱ्यांचे सोडून दोन-तीन ताऱ्यांचे वाचा. काय खटकलं ते तिथेच नेमकं सांगितलेलं असतं. अमेरिकन वाचक 'क्लीन' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा शय्यागृहाचं दार बंद आहे एवढाच अर्थ असतो. विश्वासाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

मुखपृष्ठावर 'ख्रिस्ती कादंबरी' असं छापलंय. तेवढं पुरे नाही का?

नाही. हा शिक्का विषय सांगतो, गुणवत्ता सांगत नाही. या शिक्क्याखाली वारंवार सापडणारे दोष असे.

पहिला, व्यवहाराची प्रार्थना. नायकानं गुडघे टेकले की नोकरी लागते, व्हिसा मिळतो, गाठ विरघळते. नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक ज्यांच्या शास्त्रात आहे त्यांनी हे का सहन करावं? यातला धोकादायक प्रकार म्हणजे औषधं फेकून देणं हा विश्वासाचा पुरावा म्हणून दाखवणारी कथा. मधुमेह, फिट्स किंवा नैराश्यावर गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या हाती असं पुस्तक देऊ नका.

दुसरा, शेवटच्या पानावरचं मनपरिवर्तन. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं ताटातूट, राग, सोवळंओवळं आणि हळूहळू बदलत गेलेलं मन यांत गेली. ज्या कादंबरीत हेच एका रात्रीच्या प्रवचनानं होतं, तिच्या लेखकानं माणसं नीट पाहिलेली नाहीत.

तिसरा, दुसऱ्या धर्माची माणसं एकतर मूर्ख नाहीतर दुष्ट. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथल्या वाचकाला हे चित्र खोटं आहे हे शेजारच्या घरात डोकावलं तरी कळतं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा (प्रोटेस्टंट गणतीत नववी, कॅथलिक गणतीत आठवी) कादंबरीकारालाही लागू आहे.

आणि उपदेश. पात्र बोलता बोलता दीड पानाचं प्रवचन देतं, समोरचा 'खरंच की' म्हणतो, कथा पुढे सरकते. एखाद्या ठिकाणी चालेल. दर प्रकरणात होत असेल तर सरळ प्रवचनांचं पुस्तक घ्यावं, ते स्वस्त पडतं.

मराठीत अशी पुस्तकं आहेत तरी किती?

फार नाहीत, आणि हे मान्य करून पुढे गेलेलं बरं. पण पाया जुना आहे. जॉन बन्यनच्या १६७८ मधल्या रूपककथेचा हरि केशवजींनी केलेला अनुवाद 'यात्रिक क्रमण' १८४१ मध्ये आला. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि ती एका ख्रिस्ती लेखकानं विधवांच्या दुःखावर लिहिली. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिगती ऐकतात. कथानक सैल आहे, चर्चा लांबलचक आहेत, वर सांगितलेला उपदेशाचा दोष तिच्यातही भरपूर आहे. तरी वाचावी, कारण त्या बायकांच्या तोंडची बोली आजही जिवंत वाटते. एका बैठकीत वाचू नका. रोज एक हकिगत पुरे.

कादंबरी नाही, पण कुठल्याही कादंबरीपेक्षा रंगतदार म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३७, चार भाग) आधी घरात आणावी असं आमचं स्पष्ट मत आहे. नागपूरकरांना तर ती जवळची वाटेल. टिळक काही काळ या शहरात होते, आणि इथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या आहेत. घेताना पूर्ण की संक्षिप्त ते विचारून घ्या, कारण गमती आणि भांडणं दोन्ही पूर्ण आवृत्तीतच मनसोक्त आहेत.

नव्या कथा हव्या असतील तर मासिकं चाळा. 'निरोप्या', 'सुवार्ता', 'ज्ञानोदय' यांच्या जुन्या अंकांत, विशेषतः नाताळ अंकांत, कथा सापडतात. हे अंक दुकानात क्वचित मिळतात. पाळकांच्या घरी, कॉन्व्हेंटमध्ये किंवा जुन्या वर्गणीदारांकडे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवरही अधूनमधून काहीतरी हाती लागतं, पण तिथे यादी घेऊन गेलात तर निराश व्हाल. नुसतं चाळायला जावं.

मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. मराठी वाचतच नाहीत. काय करावं?

त्यांना वाचायला लावू नका, वाचून दाखवा. जेवण झाल्यावर १५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. पाच-सहा पानं होतात, म्हणजे १२० पानांचं पुस्तक पाच-सहा आठवड्यांत संपतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या यासाठी उत्तम, कारण मे महिन्यात दुपारी नागपुरात बाहेर पडायची सोयच नसते.

बहुतेक घरं पहिलंच पुस्तक जुन्या मराठीतलं घेतात, आणि तिसऱ्या दिवशी मुलं उठून जातात. आधी आजचं, छोट्या वाक्यांचं पुस्तक घ्या, जुनं नंतर. प्रत्येक पानानंतर 'यातून काय शिकलास?' विचारणं हीसुद्धा मुलांना पळवून लावण्याची हमखास युक्ती आहे. 'आता तो काय करेल?' एवढंच विचारा आणि पुस्तक मिटा.

बायबलमधल्या व्यक्तींवरच्या कादंबऱ्यांत नसलेले प्रसंग असतात. हे चालतं का?

चालतं, पण कुठे शास्त्र संपतं आणि कुठे लेखक सुरू होतो ते ठाऊक हवं. रूथचं पुस्तक फक्त चार अध्यायांचं आहे. त्यावर तीनशे पानांची कादंबरी लिहिली तर बहुतेक भाग लेखकाचाच असणार. त्यातलं काही तर्कशुद्ध असतं: सातूची कापणी, गरिबांसाठी शेताच्या कडा सोडण्याचा नियम (लेवीय १९:९), बेथलेहेमचा डोंगराळ भाग. काही निव्वळ कल्पना असते, जसं रूथच्या मनातली भीती किंवा बवाजचं तारुण्य. चांगला लेखक पहिल्या प्रकारात चोख असतो, म्हणून दुसऱ्यात त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. रूथच्या शेतात मक्याची कणसं दिसली तर पुस्तक ठेवून द्या. मका अमेरिका खंडातून आला.

वाचायची रीत अशी: आधी मूळ अध्याय, मग कादंबरी, मग पुन्हा मूळ अध्याय. दुसऱ्यांदा मूळ वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि कादंबरीतल्या ज्या गोष्टी सापडत नाहीत त्या वहीत उतरवा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि मोठ्यांचीही भंबेरी उडते. मत्तय २ मध्ये बाळ येशूला भेटायला आलेले मागी (ज्ञानी) लोक तीन होते असं लिहिलेलंच नाही, भेटवस्तू तीन आहेत. मग्दालीया मरीया वेश्या होती असंही शुभवर्तमानांत कुठे नाही. लूक ८:२ मध्ये तिच्यातून सात भुतं निघाल्याचं आहे. तिला लूक ७ मधल्या पापी स्त्रीशी एकरूप करण्याची प्रथा पश्चिमेत रुजली ती मुख्यतः पोप पहिले ग्रेगरी यांच्या सन ५९१ च्या प्रवचनानंतर. कादंबऱ्या आणि चित्रपट अजून तेच चालवतात.

जादू, चेटकिणी आणि बोलणारे प्राणी असलेल्या मुलांच्या कथा?

योथामची झाडं बोलतात, हे वर आलंच आहे. बघायचं ते असं की शक्ती हाती आल्यावर पात्राचं काय होतं. खऱ्या जगात करून बघता येतील असे मंत्र-तंत्राचे विधी पायरीपायरीनं दिलेले असतील, तर नको. जादू हा त्या कल्पित जगाचा नियम असेल आणि गोष्ट निष्ठा, लोभ, बलिदान यांची असेल, तर हरकत नाही.

सी. एस. लुईस यांची नार्निया मालिका (सात पुस्तकं, १९५० ते १९५६) इंग्रजीत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. हल्लीच्या संचांवर छापलेले क्रमांक कथेतल्या काळानुसार असतात, त्यामुळे १९५५ मध्ये आलेलं पुस्तक 'पहिलं' ठरतं. मुलाला १९५० मध्ये आलेलं, कपाटातून बर्फात जाण्याचं पुस्तक आधी द्या. त्याची गंमत आधीच सगळं कळलं तर निम्मी होते.

मुलगी फक्त प्रेमकथाच वाचते. काळजी करावी का?

प्रेमकथा वाचण्याची काळजी करू नका, कोणत्या वाचते ते बघा. शय्याप्रसंग नसलेल्या 'सोज्वळ' प्रेमकथांतही एक नमुना पुन्हा पुन्हा येतो: नायक श्रीमंत, तापट, तिच्या फोनवर आणि येण्याजाण्यावर नजर ठेवणारा, आणि लेखिका त्यालाच प्रेमाची खोली म्हणते. हे चुंबनाच्या वर्णनापेक्षा जास्त घातक आहे, कारण ते लक्षातही येत नाही. दुसरा नमुना म्हणजे बिघडलेल्या मुलाला प्रेमानं सुधारणारी भाविक नायिका. पुस्तकात तो सुधारतो.

बंदी घातली तर वाचन फोनवर, पांघरुणाखाली जाईल. त्यापेक्षा तिचं एक पुस्तक तुम्हीही पूर्ण वाचा आणि तिला एकच प्रश्न विचारा: हा मुलगा आपल्या घरी जेवायला आला तर तुझ्या आजीशी कसा बोलेल?

शेवटच्या काळावरच्या थरारक कादंबऱ्यांबद्दल काय?

त्या वाचनीय असतात, आणि अडचण तिथेच आहे. विश्वासणारे अचानक वर उचलले जातात आणि बाकीचे संकटकाळात मागे राहतात, हा क्रम बहुतेक अशा कादंबऱ्यांचा कणा असतो. ही मांडणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पसरली. कॅथलिक चर्च ती शिकवत नाही, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सी.एन.आय.) मुळाशी असलेल्या परंपरांतही ती सर्वमान्य नाही. सहा मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाली, त्यात अँग्लिकनांपासून बाप्टिस्टांपर्यंत सगळे होते. त्यामुळे एकाच बाकावर बसणाऱ्यांची मतं वेगळी असणं इथे नवं नाही. कादंबरी वाचून कोणाची झोप उडाली असेल तर प्रकटीकरणाचं पुस्तक आणि पाळकसाहेब किंवा फादर यांच्याशी तासभर गप्पा, असा उपाय करावा.

कॅथलिक वाचक कधी विचारतात की मान्यताप्राप्त कादंबऱ्यांची यादी असते का. नसते. बिशपांची मुद्रणसंमती साधारणपणे धर्मशिक्षण आणि ईशज्ञानाच्या पुस्तकांना लागते, कादंबऱ्यांना नाही. निषिद्ध पुस्तकांची जुनी सूचीही १९६६ मध्ये रद्द झाली. निवड तुमची तुम्हालाच करायची आहे.

दारू, घरातली मारहाण, मंडळीतला जातिभेद: असे विषय असलेली पुस्तकं टाळावीत का?

मुळीच नाही. असे विषय टाळणाऱ्या कथांमुळेच मार खाणाऱ्या बाईला वाटतं की हे फक्त आपल्याच घरात घडतं. मात्र शेवट तपासा. तिनं सोसलं, प्रार्थना केली, क्षमा केली, तो सुधारला, असा एकच मार्ग कथा दाखवत असेल तर ते पुस्तक महिला मंडळात वाचायला घेऊ नका. क्षमा करणं आणि त्याच घरात मार खात राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कथेला कळलं पाहिजे. वाचनाच्या निमित्तानं कोणी मन मोकळं केलं तर चर्चा तिथेच थांबवा, नंतर एकांतात बोला आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक हाताशी ठेवा.

फक्त ख्रिस्ती लेखकांचीच पुस्तकं वाचावीत का?

दानीएल परक्या बाबेलात खास्द्यांची विद्या शिकला. पौलानं अथेनैत ग्रीक कवींच्या ओळी वापरल्या (प्रेषितांची कृत्ये १७:२८). आपण मराठी वाचक आहोत, मराठी साहित्य आपलंही आहे.

आजी-आजोबांसाठी काय निवडावं?

मजकुराआधी आकार बघा. अक्षरं १४ पॉइंटच्या खाली नकोत, कागद चकचकीत नको, वजन ४०० ग्रॅमच्या आत असावं. जाड पुस्तक झोपून धरता येत नाही. मोतीबिंदू असलेल्यांना करड्या शाईपेक्षा गडद काळी छपाई सोपी जाते. टॅबवर वाचत असतील तर अक्षर मोठं करता येतं, पण दिवस-रात्रीची पार्श्वभूमी कशी बदलायची तेही शिकवा. दृष्टी फारच कमी असेल तर नातवंडांच्या आवाजात प्रकरणं ध्वनिमुद्रित करून फोनवर ठेवा. एका फाइलमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मध्ये डोळा लागला की जागा सापडत नाही.

चर्चमध्ये पुस्तकांचं कपाट सुरू करायचं आहे. सुरुवात कशी करावी?

साठ पुस्तकांपासून. दोनशेनं सुरुवात केली की निम्मी दान आलेली, कोणालाच नको असलेली निघतात. साठांपैकी वीस लहान मुलांची, दहा किशोरांची, वीस प्रौढांच्या कथा-कादंबऱ्या आणि दहा चरित्रं, असं काहीसं. मंडळीत हिंदी वाचणारे असतील तर दहा हिंदी घ्या. दान स्वीकारताना आधीच सांगा की निवड समिती ठरवेल आणि उरलेली परत दिली जातील. हे आधी सांगितलं नाही तर दात्यांची मनं दुखावतात आणि कपाटात चाळीस वर्षांपूर्वीची गाइडं साचतात. समिती तिघांची पुरे, आणि त्यात एक जण पंचविशीच्या आतला हवा.

नोंदवहीत क्रमांक, नाव, लेखक, कोणी दिलं, आल्याची तारीख आणि वयोगट एवढे रकाने ठेवा. पुस्तक १४ दिवसांसाठी द्या, एकदा वाढवून. दंड लावू नका. दंडाच्या भीतीनं लोक पुस्तक परत करायचंच टाळतात. त्याऐवजी उपासनेनंतर कपाटाजवळ बसणाऱ्यानं नाव घेऊन हाक मारावी, काम होतं.

जागा निवडताना नागपूरचं हवामान लक्षात घ्या. कूलरच्या झोतासमोर कपाट ठेवलं तर दोन उन्हाळ्यांत पानं लाटांसारखी वाकतात आणि बुरशी येते. भिंतीपासून तीन इंच आणि जमिनीपासून सहा इंच अंतर ठेवा, वाळवी तिथूनच चढते. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, ओला पाला उलट दमट करतो. डांबराच्या गोळ्या मुलांच्या खणात नकोत. फाटलेल्या पानाला सेलो टेप लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरा.

वाचन गट कसा चालवायचा?

आठ ते दहा माणसं, सहा आठवडे, एक पुस्तक. २४० पानांचं असेल तर आठवड्याला ४० पानं. बैठक सव्वा तासाची: छोटी प्रार्थना, दहा मिनिटं एखादा उतारा मोठ्यानं, पाऊण तास चर्चा, मग चहा. चहा आधी दिला की चर्चा होत नाही.

गट मोडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे पाळक आल्यावर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतात. त्यांना शेवटी बोलायला सांगा, ते आनंदानं ऐकतात. दुसरं, प्रश्न परीक्षेसारखे असतात. 'लेखकाला काय संदेश द्यायचा आहे?' विचारलं की शांतता पसरते. 'धाकट्यानं घर सोडलं तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूनं होता?' विचारलं की आवरावं लागतं. पुस्तक वाचून न आलेल्यांनाही बसू द्या. पुढच्या वेळी ते वाचून येतात.

ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणीला नाताळात असं पुस्तक भेट द्यावं का?

तिला वाचायला आवडत असेल तर जरूर. पण कथा म्हणून उत्तम असलेलंच द्या. आत पत्रकं, वचनांचे बुकमार्क घालू नका, आणि 'वाचलंस का?' म्हणून मागे लागू नका. तिच्या धर्माची टिंगल करणारं एकही पान त्यात नाही ना, हे आधी स्वतः वाचून खात्री करा. ती दिवाळी अंक देईल, तोही तितक्याच आनंदानं वाचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर कादंबऱ्यांच्या पीडीएफ येतात. वाचायला काय हरकत?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात, ती मुदत पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. बाबा पदमनजी १९०६ मध्ये वारले आणि लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, त्यामुळे त्यांचं मूळ लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. मात्र नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांचे हक्क वेगळे असू शकतात. हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ मंडळीच्या गटावर टाकणं ही चोरी आहे, मग हेतू सेवेचा का असेना. मराठी ख्रिस्ती पुस्तकांच्या आवृत्त्या मुळातच लहान निघतात. शंभर लोकांनी फुकट वाचलं तर दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि तो लेखक पुढचं पुस्तक कपाटातच ठेवतो. पैशांची अडचण असेल तर चार घरांनी मिळून एक प्रत घ्यावी आणि पहिल्या पानावर चौघांची नावं, वाचायचा क्रम आणि तारखा लिहाव्यात.